जुनी दुनळी बंदूक: बार काढण्याआधी काय काय तपासायचं?

आंबोळगड
घरातली १२ बोअरची दुनळी वारसाहक्काने माझ्या नावावर आली आहे. लायसन्सचे सगळे सोपस्कार झालेत, बंदूक ताब्यात आहे, काडतुसं अजून घेतलेली नाहीत. घोडे बाहेर असलेली, दोन चापांची, नळ्या ३० इंची. उजेडात धरली की नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी पिळाची नक्षी दिसते.

नळ्या उतरवून खालचा सपाट भाग रॉकेलने पुसला तेव्हा ही चिन्हं दिसली: दोन्ही नळ्यांवर मुकुट आणि त्याखाली फुलीसारखे दोन राजदंड, असं दोनदा. एका शंकरपाळी आकारात वर १२ आणि खाली इंग्रजी सी. शेजारी १३ आणि त्याखाली १. डाव्या नळीवर ‘चोक’ असा शब्द. बाकी काही नाही.

प्रश्न सरळ आहे. हिच्यातून आजचं काडतूस उडवता येईल का? आणि ते ठरवायचं कसं? सड्यावर दोन बार काढून बघ, असं सांगणारे गावात पुष्कळ आहेत. मला तसं करायचं नाही.

लेथवाला
चिन्हं नीट वाचून लिहिलीत, त्यामुळे अर्धं काम झालं.

मुकुट आणि फुलीतले राजदंड हे बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसचं, म्हणजे इंग्लंडात बंदुकीच्या नळ्या तपासणाऱ्या संस्थेचं चिन्ह, १९०४ च्या आधीचं. शंकरपाळीतला १२ सी म्हणजे १२ बोअरचं चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा), आणि ही शंकरपाळी १८८७ पासून सुरू झाली. ‘चोक’ (तोंडाशी आवळलेली नळी) हा शब्दही तेव्हापासूनचा, त्याआधी ‘नॉट फॉर बॉल’ असं मारत. म्हणजे तुमच्या नळ्या १८८७ ते १९०४ मधल्या.

बिनधुराच्या दारूचं, म्हणजे नायट्रो प्रूफ १८९६ पासून मिळू लागलं. ते झालेलं असेल तर नळीवर ‘नायट्रो प्रूफ’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि सोबत छर्‍याचं वजन असतं. १९०४ नंतरच्या नळ्यांवर मुकुटाखाली एनपी ही अक्षरं येतात. तुमच्याकडे दोन्ही नाही. तेव्हा या नळ्यांची परीक्षा फक्त काळ्या दारूवर झालेली आहे. आजचं दुकानातलं प्रत्येक काडतूस बिनधुराच्या दारूचं असतं.

१३ खाली १ हा नळीचा आतला व्यास: ०.७१९ इंच, म्हणजे १८.२६ मि.मी. हा आकडा जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

चेंबरची लांबी नळीवर मारायला सुरुवात १९२५ साली झाली. त्यामुळे तुमच्या बंदुकीवर ती नाही आणि ती मोजावीच लागेल. नुसत्या सी वरून एवढंच कळतं की ते ३ इंची लांब चेंबर नाही, त्याला एलसी मारत. बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मि.मी. निघेल.

कुर्ली
सगळ्यात आधी नळयेत कुंभारणीचां घर हा काय बघा. बंद खोलयेत टांगलेल्या बंदुकीत हमखास सापडता. तां काढल्याबिगर मुकुट-राजदंड बघून काय उपयोग?

लेथवाला
कुर्ली यांचं अगदी बरोबर, हे मी आधी लिहायला हवं होतं. कुंभारीण माशीचा मातीचा गोळा सुकला की घट्ट बसतो. नळीतला कुठलाही अडथळा, मग तो माती असो, चिंधी असो की तेलाने माखलेला बोळा, मागून बार आला की त्या जागी नळी फुगते किंवा फाटते. तोफेसारख्या जाड नळीला जे सोसतं ते अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला सोसत नाही.

क्रम असा: बंदूक उघडायची, दोन्ही चेंबरात करंगळी घालून रिकामी असल्याची खात्री करायची, मगच फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढून नळ्या वेगळ्या करायच्या. नळ्या हातात सुट्या आल्या की पुढचं सगळं बघणं बिनधोक.

रानमोडी
एवढा बाऊ कशाला? आमच्या पट्ट्यात अशा दुनळ्या तीन-तीन पिढ्या चालल्यात, सगळे आजचीच काडतुसं घालतात. शंका असेल तर जुन्या टायरला बांधायची, चापाला पंधरा वाव दोरी लावायची, काजूच्या बुंध्याआड उभं राहून ओढायची. दोन्ही नळ्या टिकल्या की झालं.

सड्यावरचा
रानमोडी, दोरीची परीक्षा फक्त एवढंच सांगते की त्या बारात नळी फुटली नाही. पुढच्याबद्दल ती काही सांगत नाही. धातूत बारीक चीर असेल तर ती प्रत्येक बारागणिक थोडी पुढे सरकते. वीस बार सुखरूप निघून एकविसाव्याला नळी उकलते, आणि तेव्हा डावा हात नेमका तिच्याखाली असतो.

प्रूफ हाऊस काय करतं ते बघा. रोजच्या काडतुसापेक्षा मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस उडवतात. त्यानंतर नळी परत मोजतात, फुगली का, सांधा ढिला झाला का ते पाहतात. खरी परीक्षा या मोजमापात आहे. दोरी ओढणारा आधीही मोजत नाही आणि नंतरही मोजत नाही.

दुसरं, गावात जी ‘तीन पिढ्या चालतेय’ ती बंदूक कुठली? १९३० नंतरची पोलादी नळीची आणि नायट्रो प्रूफची असेल तर तिचा दाखला या बंदुकीला लागू पडत नाही.

माडबन_वाडी
पिळाची नळी म्हणजे दमास्कस ना? सरसकट भिंतीवर टांगा म्हणतात सगळे.

सड्यावरचा
सरसकट म्हणणं मला पटत नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या दांड्याभोवती गुंडाळून, तापवून घणाने जोडत. चांगल्या कारागिराची पीळनळी हलकी नव्हती. १८८८ च्या बर्मिंगहॅमच्या चाचण्यांत उत्तम इंग्लिश पीळनळ्या त्या वेळच्या पोलादी नळ्यांच्या बरोबरीने उतरल्या होत्या. आजही इंग्लंडात दमास्कस नळ्यांचं नायट्रो प्रूफ होतं आणि काही नळ्या ते पासही करतात.

अडचण वेगळीच आहे. अशा नळीत जोडाच्या शेकडो रेषा असतात आणि त्यांत कुठेकुठे लोहाराच्या भट्टीतला मळ अडकलेला असतो. इंग्लंडच्या कोरड्या कपाटात तो शंभर वर्षं तसाच बसेल. आपल्या खार्‍या वार्‍यात गंज त्या रेषेतूनच आत शिरतो. वरून तपकिरी नक्षी छान दिसते आणि आत रेषेगणिक पोकळ झालेली असते.

म्हणून माझं मत असं: दमास्कस आहे म्हणून नापास नाही, पण किनार्‍यावर पन्नास-साठ पावसाळे काढलेली दमास्कस मोजल्याशिवाय पास नाही.

एक खूण सांगतो. स्वस्त बंदुकांवर साध्या पोलादी नळीवर तेजाबाने किंवा छापाने खोटी नक्षी काढत. फोरएंडखालच्या आणि रिबलगतच्या, म्हणजे दोन नळ्या जोडणाऱ्या पट्टीलगतच्या, भागात नक्षी एकदम संपते का बघा. खरी नक्षी तिथेही चालू राहते.

लेथवाला
आता नळ्या बघायच्या कशा ते लिहितो. ट्यूबलाइटकडे किंवा खिडकीच्या चौकटीकडे नळी धरायची आणि मागून आत बघायचं. आतल्या भिंतीवर चौकटीच्या कडेची सावली सरळ रेघेसारखी पडते. नळी हळूहळू फिरवत रेघ कुठे मोडते ते बघायचं. एका बाजूला अर्धचंद्रासारखी सावली आली तर तिथे बाहेरून पोचा आहे. पूर्ण गोल काळं कडं दिसलं तर तो फुगवटा. पोचा कसबी कारागीर आतून उचलू शकतो. फुगवट्याच्या जागी मात्र धातू ताणला जाऊन पातळ झालेला असतो, तिथे शंका घेऊनच चालायचं.

बाहेरून फुगवटा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. अंगठा आणि तर्जनीत नळी धरून मागून पुढे सावकाश सरकवा, चिमटीत जरा जाड लागलं की थांबा.

खड्ड्यांचं तसंच. वाळूच्या कणाएवढे खड्डे तोंडापाशी असले तर मी घाबरत नाही. चेंबरात, किंवा चेंबर संपून नळी अरुंद होते त्या कोनात, किंवा त्यापुढच्या ८-९ इंचांत खोल खड्डे असतील तर काम तिथेच थांबवायचं. सगळ्यात जास्त दाब तिथे असतो.

मग भिंतीची जाडी. हे डोळ्यांनी होत नाही, जाडी मोजायचं गेज लागतं, त्याची एक लांब भुजा नळीत जाते. दर इंचाला, आणि प्रत्येक जागी चारही बाजूंनी मोजायचं. कारण जुन्या नळ्या एका अंगाला जाड आणि एका अंगाला पातळ असतात. १२ बोअरला सर्वांत पातळ जागी २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा मि.मी., ही सर्वमान्य खालची मर्यादा आणि तीही फक्त पुढच्या भागात. मागे जाडी भरपूर हवी. खड्डा असेल तर त्याची खोली त्या जाडीतून वजा करायची.

आता तो १३ खाली १ चा आकडा. मागच्या तोंडापासून ९ इंचांवर आतला व्यास मोजा. शिक्क्यातल्या मापापेक्षा तो १० थाऊ किंवा जास्त वाढला असेल, म्हणजे तुमच्याकडे ०.७२९ किंवा त्यापुढे गेला असेल, तर ती नळी प्रूफबाहेर गेली. गंज काढायला आतून कुणीतरी घासलेली असते. आत आरशासारखी चकाकणारी जुनी नळी बघून लोक खूश होतात. मला ती चकाकी दिसली की आधी गेज आठवतं.

दप्तरी
मध्येच एक सूचना. ही मोजमापं ओळखीच्या लेथ वर्कशॉपमध्ये नेऊन करू नका. बंदूक किंवा तिच्या नळ्या फक्त लायसन्सधारक आर्म्स दुरुस्तीवाल्याकडेच द्यायच्या आणि नेणारा माणूस लायसन्सवर नाव असलेलाच हवा, मूळ लायसन्स बरोबर ठेवून. गेज हवं तर वर्कशॉपमधून दुरुस्तीवाल्याकडे न्या. गेजला लायसन्स लागत नाही.

लेथवाला
दप्तरी, धन्यवाद. माझ्या नावावरून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

माडबन_वाडी
बेल्जियमच्या दुनळीवर काय बघायचं? अंडाकृतीत ईएलजी आणि वर मुकुट आहे.

सड्यावरचा
ते लिएजचं अखेरच्या प्रूफचं चिन्ह. एवढं एकटं असेल तर काळ्या दारूपुरतंच धरा. बिनधुराच्या दारूसाठी सोबत पीव्ही ही अक्षरं शोधा. बेल्जियम बंदुकांत दर्जाचं अंतर फार मोठं, उत्तम आणि अगदी बाजारी दोन्ही तिथूनच यायच्या. त्यामुळे चिन्हापेक्षा मोजमापावर भर द्या.

कुर्ली
नळयो टांगून वाजवून बघूच्यो विसरलात काय? घंटेसारखो आवाज येतलो तर बरां, फुटक्या मडक्यासारखो इलो तर…

लेथवाला
बरोबर. फोरएंड आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ढकलणारा भाग) काढून, खालच्या लंपच्या (बिजागरीत अडकणाऱ्या पोलादी ठोकळ्याच्या) भोकातून दोरी ओवून नळ्या लोंबत्या ठेवायच्या आणि लाकडी पेन्सिलीने टकटक करायचं. लांब, स्वच्छ नाद आला तर रिबचं डाख धरून आहे. भरभरणारा किंवा लगेच मरणारा आवाज आला तर रिब सुटलेली. पण यातून नळीची ताकद कळत नाही, फक्त डाख कळतं, हे लक्षात ठेवा.

तरी किनार्‍यावर मी हे महत्त्वाचं मानतो. रिब जिथे सुटते तिथून दमट हवा दोन नळ्यांमधल्या पोकळीत जाते आणि बाहेरच्या बाजूने गंज चढतो. तो ना बाहेरून दिसतो, ना आतून.

वाघोटण
नळ्यांवर बराच खल झाला, सांध्यावर कुणी बोललं नाही. माझ्या मते निम्म्या जुन्या दुनळ्या इथेच नापास होतात.

फोरएंड काढून नळ्या परत दस्त्याला जोडलेल्या पोलादी भागावर, म्हणजे अ‍ॅक्शनवर चढवा आणि बंद करा. फोरएंड काढायचं कारण असं की त्याची स्प्रिंग ढिलेपणा झाकते. आता दस्ता काखेत धरून नळ्या वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. जराशीही खटखट नको. मग बंदूक दिव्यासमोर आडवी धरून नळ्यांचं मागचं तोंड आणि अ‍ॅक्शनची उभी भिंत यांच्यात उजेड दिसतो का बघा. पातळ सिगारेटचा कागद मध्ये ठेवून बंद केल्यावर तो घट्ट धरला गेला पाहिजे. सहज ओढून निघाला तर सांधा झिजलाय.

याहून चांगली पद्धत काजळीची. समईच्या ज्योतीवर नळ्यांचं मागचं तोंड धरून काळं करायचं, बंद करायचं, उघडायचं आणि भिंतीवर काजळी कुठे उमटली ते बघायचं. दोन्ही चेंबरभोवती सारखी उमटली तर टेकण नीट आहे. फक्त खाली उमटली आणि वर कोरं राहिलं तर बार होताना नळ्या वरून मागे-पुढे होणार.

सांध्यात फट राहिली की काडतुसाच्या बुडाला आधार राहत नाही. केप (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) मागे सरकते, बूड फाटतं आणि गरम वायू थेट डोळ्यांकडे येतो.

टॉप लिव्हरही बघा. ज्या बंदुकीला वरचा लिव्हर आहे त्यात तो नवा असताना मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे थांबतो. झीज झाली की मधोमध येतो, डावीकडे गेला तर बोल्ट बराच खाल्लेला. जुना खालचा लिव्हर असेल तर तो पूर्ण जागेवर येऊन बसतो का तेवढं पाहा.

काही लोक लंपवर पंचाने ठोकून धातू फुगवतात किंवा पितळी पत्री घालून खटखट घालवतात. चार-दोन बारांत ती परत येते. लंपवर पंचाच्या टिकल्या दिसल्या तर समजा हे आधी होऊन गेलंय. खरा इलाज म्हणजे बिजागरीची पिन जाड मापाची बसवणं किंवा लंपच्या खाचेत वेल्डिंगने भर घालून कानशीने मिळवणं. तो तयार हाताचा कारागीर लागतो.

रानमोडी
काजळीचं मला नवीन होतं, करून बघण्यासारखं आहे. पण घोडे आणि चाप? त्याचं काय पाहायचं?

वाघोटण
हे सगळं रिकाम्या बंदुकीवर, चेंबरात स्नॅप कॅप (नकली काडतूस) घालून.

दोन्ही घोडे चढवा. दस्त्याचं बूड जाड रबरी पायपुसण्यावर वीत-दीड वीत उंचीवरून आपटा, मग नळ्यांना बाजूने तळहाताने थापट्या मारा. एकही घोडा पडता कामा नये. नंतर एक चाप ओढा, त्याच वेळी दुसरा घोडा पडला तर दोन्ही नळ्या एकदम उडणार. तो दोष गंभीर.

चाप किती ओढीला सुटतो ते मासळीवाल्याच्या स्प्रिंगकाट्याने मोजता येतं. काट्याचा हूक चापाच्या मध्यावर लावून सरळ मागे ओढायचा. साडेतीन ते साडेचार पौंड, म्हणजे साधारण १.६ ते २ किलो हवेत. त्याहून हलका चाप पावसाळ्यात आणखी दगा देतो, कारण दस्त्याचं लाकूड फुगून आतल्या सिअरला (घोडा अडवून धरणाऱ्या खटक्याला) दाबतं. म्हणून ही तपासणी उन्हाळ्यात एकदा आणि श्रावणात एकदा करा.

घोडा पडल्यावर तो अर्ध्यावर मागे येतो का? १८७० नंतरच्या बहुतेक घोड्यांच्या बंदुकांत येतो. येत नसेल तर स्ट्रायकर (केपवर आदळणारी पिन) केपवर टेकलेलाच राहतो. अशी बंदूक भरून बंद करताना बार होऊ शकतो आणि उघडताना स्ट्रायकर केपमध्ये अडकतो.

आणि लॉकमध्ये खोबरेल घालू नका. आपल्याकडे हे घरोघरी चालतं. ते कालांतराने चिकट होऊन वाळतं, घोडा मंद पडतो आणि केप फुटत नाही. रॉकेलने धुऊन, पुसून, मशीन ऑइलचा एक थेंब पुरतो.

भातशेत
दस्ता राहिला. घोड्यांच्या मागे जिथे पोलाद लाकडात शिरतं तिथे, आणि मुठीच्या बारीक भागात चिरा शोधा. दोन हातांत धरून हलकेच पिळा, चीर असेल तर उघडते किंवा तेलाची रेघ बाहेर येते. जुनं लाकूड तेल पिऊन काळं पडलं असेल तर आतून मऊ झालेलं असतं. त्यात सागाची खुंटी किंवा फेविकॉल चालणार नाही. भुंग्याची भोकं असली तर त्याखाली टाचणी घालून किती खोल जाते बघा.

माडबन_वाडी
सगळं पास झालं असं धरा. मग काडतूस कुठलं? ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरात आरामात बसतं, मी बघितलंय. मग हरकत काय?

लेथवाला
बसतं, तोच तर घोटाळा आहे. काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची असते. ७० मि.मी.चं काडतूस दुमडलेल्या तोंडासकट जेमतेम ५८-६० मि.मी. भरतं, म्हणून ६५ च्या चेंबरात गुपचूप जातं आणि बंदूक बंद होते. बार होताना दुमड उलगडते आणि तिचं तोंड कोनात शिरतं. वाट अरुंद झाली की दाब चढतो. शिवाय ७० ची बहुतेक काडतुसं जुन्या नळीच्या हिशेबाने आधीच तगडी असतात.

चेंबर मोजायला साधारण २०.३ मि.मी. व्यासाची पितळी चकती गजाच्या टोकाला लावून आत सोडा. ती अडते ती जागा चेंबरचा शेवट. नळीच्या मागच्या तोंडापासून, म्हणजे काडतुसाची कड बसते ती खाच धरून मोजायचं. ६५ आलं तर फक्त ६५ चं काडतूस. डब्यावर वाचा, आठवणीवर जाऊ नका. खडकीची शक्तिमान असोत की बाहेरची, लांबी प्रत्येक डब्यावर छापलेली असते.

१९५४ नंतरच्या इंग्लिश नळ्यांवर दर चौरस इंचाला किती टन ते मारलेलं असतं. अडीच इंची चेंबरला बहुधा ३ टन. असं काही लिहिलेलं असेल तर तोच तुमचा कायदा.

वाघोटण
काडतुसाबद्दल आणखी दोन गोष्टी. घरात २० बोअरची काडतुसं असतील तर ती १२ बोअरच्या जवळपासही ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या चेंबरातून पुढे घसरून कोनापाशी अडकतं. वरून नळी रिकामी वाटते, मागे १२ चं काडतूस बसतं, आणि मग नळी डाव्या हाताच्या जागी उकलते. यासाठीच २० बोअरची काडतुसं पिवळी करतात.

दुसरं, पाऊस खाल्लेली जुनी कागदी काडतुसं. फुगून चेंबरात जात नसतील तर दाबून घालू नका. ‘फुस्स’ असा हलका आवाज आला आणि धक्का कमी बसला तर थांबा, बंदूक उघडा, नळीतून आरपार बघा. बोळा मध्येच अडकलेला असतो आणि पुढचा बार त्यावर आदळतो. केपवर घोडा पडूनही बार झाला नाही तर तोंड मोकळ्या दिशेला धरून अर्धा ते एक मिनिट थांबायचं, मगच उघडायचं.

भातशेत
अवांतर होतंय, पण विचारतो. ठासणीच्या बंदुकीचं कसं? घरोघरी माळ्यावर आहेत.

सड्यावरचा
तिचं पहिलं काम भरलेली आहे का ते बघणं. केप काढून टाका. मग गज तोंडातून टेकेपर्यंत आत सोडा, तोंडाशी अंगठ्याने खूण धरा. बाहेर काढून नळीला लावा आणि दुसरं टोक कानाच्या भोकापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जाते तिथपर्यंत, पोचतं का बघा. तीन-चार बोटं कमी पडलं तर आत बार आहे किंवा माती. काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास वर्षांनीही पेटते. भरलेली निघाली तर ड्रिल, तापवणं, गजाने कुदणं यातलं काहीही करू नका. तोंड मोकळ्या दिशेला ठेवून पोलीस ठाण्याला कळवा.

दप्तरी
आणि तिलाही लायसन्स लागतं. ‘जुनी आहे, म्हणून लागत नाही’ हे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ चं अर्धवट वाचन आहे. सूट पुरातन किंवा मोडकळीला आलेल्या, आणि ज्यातून बार निघूच शकत नाही अशा शस्त्राला आहे. बार निघतो की नाही हे आपण ठरवायचं नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं आणि लायसन्सची मुदत पाच वर्षं. वारसाने आलेलीही त्या दोनात मोजतात.

शेतीसंरक्षणाचं लायसन्स म्हणजे रानडुक्कर किंवा वानर मारायची परवानगी नव्हे. त्यासाठी वन खात्याचा वेगळा आदेश लागतो.

आंबोळगड
सगळ्यांचे आभार. इथलं वाचून बंदूक लायसन्सधारक दुरुस्तीवाल्याकडे तपासून घेतली. मापं अशी:

चेंबर दोन्ही ६५ मि.मी. आतला व्यास ९ इंचांवर उजव्या नळीत ०.७२३, डाव्या नळीत ०.७३१. जाडी उजवीकडे सर्वांत कमी २४ थाऊ. डावीकडे मागच्या तोंडापासून १४ इंचांवर एका अंगाला १७ थाऊ, आणि तिथेच खड्डे. टांगून वाजवल्यावर आवाज लगेच मरतो. सांधा मात्र घट्ट आहे, काजळी सारखी उमटली. घोडे आणि चाप ठीक.

उजवी नळी तेवढी वापरता येईल का?

लेथवाला
नाही. डावी ०.७३१ म्हणजे शिक्क्यापेक्षा १२ थाऊ जास्त, ती प्रूफबाहेर. १७ थाऊ तर मर्यादेच्याच खाली. उजवी मापात असली तरी तिचं प्रूफ काळ्या दारूचंच, आणि रिब सुटलीय म्हणजे तिच्या बाहेरच्या अंगाला काय झालंय ते दिसत नाही. शिवाय दोन घोड्यांच्या बंदुकीत घाईत चुकीचा चाप ओढला जातो.

सड्यावरचा
सहमत. दमास्कसच्या बाजूने मी एवढं बोललो, तरी ही नळी मीही पास करणार नाही. सांधा आणि लॉक चांगले आहेत, म्हणून पोलादी नळ्यांचं स्लीव्हिंग करता येतं. मागचे तीन इंच ठेवून पुढे नव्या नळ्या बसवायच्या आणि परत प्रूफ करून घ्यायचं. पण खर्च बंदुकीच्या किमतीच्या वर जाईल. आठवण म्हणून हवी असेल तर आहे तशीच ठेवा.

रानमोडी
मी दोरी बांधायला सांगितलं होतं, ते मागे घेतो. १७ थाऊची नळी दोन बार नक्की टिकली असती आणि आपण सगळे खूश झालो असतो.

आंबोळगड
ठरलं, हिच्यातून बार काढणार नाही. आता जपायची कशी ते सांगा. चामडी पेटी आहे मूळची.

वाघोटण
चामडी पेटीत अजिबात नको. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी नळीवर गंज चढतो. नळ्या आतून-बाहेरून पातळ तेलाने पुसा, रिबच्या सुटलेल्या जागी तेल झिरपू द्या, जास्तीचं पुसून काढा. उभी ठेवायची तर तोंड खाली, म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. लोखंडी कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा, जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला ती तापवून कोरडी करा आणि त्याच दिवशी नळ्यांवर तेलाचं फडकं फिरवा. नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा मात्र कोंबू नका. कुंभारीण येऊ नये म्हणून बारीक जाळी बांधा, हवा खेळती राहते.

दप्तरी
बार काढायचा नसला तरी लायसन्सचं नूतनीकरण चालूच ठेवावं लागेल. निवडणुकीच्या काळात जमा करायला सांगितलं तर देण्याआधी नळ्यांना जाड तेलाचा हात द्या, पावतीवर नंबर आणि बंदुकीची स्थिती लिहून घ्या. परत आणल्याच दिवशी उघडून पुसा.

कुर्ली
आणि ठासणीच्या बंदुकीचो धागो वेगळो काढा रे. माळ्यावर गज घेऊन चढलंय.